धोंड्याच्या महिन्यातला मनाई आदेश

‘तो तिला त्रास देतो’ असं मी अर्जात लिहिलं होतं. महिला व बालविकास कार्यालयातल्या संरक्षण अधिकारी मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“त्रास तर मला माझे साहेबही देतात,” त्या म्हणाल्या. “तो कुठे आला, कधी आला, काय बोलला, हात लावला की नाही, हे लिहा. वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.”

माझ्या शेजारी ताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. अर्ज तिचा होता, पण लिहीत मी होते, कारण आमच्या घरात पदवी माझ्या एकटीकडेच आहे. आमचं गाव पारशिवनी तालुक्यातलं. वडील लवकर गेले, भाऊ नाही. ताई बारावीनंतर थांबली आणि शिवणकाम शिकली. ती मशीनवर बसली म्हणून मी कॉलेजात बसू शकले. आज मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करते, इंग्रजीत ईमेल लिहिते, आणि गावातल्या कुणाला कसलाही सरकारी कागद आला की त्याचा फोटो आधी माझ्या फोनवर येतो. त्यामुळे घरात सगळ्यांचा असा समज होता की मला कागद कळतात. माझाही होता.

ताईच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी नवऱ्याने तिचा फोन काढून घेतला, दुसऱ्या वर्षी हात उचलायला लागला. तिसऱ्या वर्षी एका दुपारी त्याने तिचीच कात्री घेतली आणि गिऱ्हाइकांची शिवून ठेवलेली सात ब्लाऊजं एकेक करून कापली. ताई म्हणते, मार तिने सहन केला असता, पण लोकांचं कापड तिच्या भरवशावर होतं. त्याच संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन माझ्या खापरीतल्या भाड्याच्या खोलीवर आली.

पंधरा दिवसांत तिने सीताबर्डीतल्या एका ब्लाऊज-लेहंग्याच्या दुकानात काम मिळवलं. मालकीणबाईंनी तिला एक कापड दिलं, कटिंग करायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून ये म्हणाल्या. रोज सकाळी ती मेट्रोने बर्डीला जायची. मी तिला इतकं ताठ चालताना लग्नाआधीच पाहिलं होतं.

मग तो दुकानात यायला लागला. पहिल्यांदा दारात उभा राहून नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा आत येऊन ओरडला. तिसऱ्यांदा त्याने ताईचं मनगट धरलं, आणि सोडवताना एका नवरीचा लेहंगा हँगरसकट खाली पडला. त्या दिवशी मालकीणबाईंनी ताईला बाजूला घेतलं.

“तुझं काम एक नंबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या दुकानात बायका कपडे बदलायला येतात. तो आणखी एकदा आत शिरला तर मला तुला ठेवता येणार नाही. माझाही नाइलाज आहे.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित पहिल्याच वेळी सांगितलं असतं.

ताईने मला घरी येऊन एवढंच सांगितलं, “मले त्याले जेलात नाई टाकाचं. मले काहीच नाई पायजे त्याच्याकडून. फक्त मले तिथं सुखानं काम करू दे म्हणावं.”

म्हणून आम्ही त्या ऑफिसात बसलो होतो.

मॅडमनी समजावून सांगितलं की तिला हवं होतं ते कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात न्यायदंडाधिकारी नवऱ्याला लेखी मनाई करू शकतात: हात लावायचा नाही, फोन करायचा नाही, ती राहते तिथे आणि काम करते तिथे जायचं नाही. एवढ्याने तो तुरुंगात जात नाही. पण मनाई मोडली, तर ते मोडणं हाच गुन्हा होतो, आणि मग पोलीस त्याला पकडू शकतात.

“म्हणजे कागद त्याला अडवेल?” मी विचारलं.

“कागद कुणाला अडवत नाही,” त्या म्हणाल्या. “कागद दाराला कडी लावत नाही. तो आला तर पुढे काय होणार, ते आधीच ठरवून ठेवतो. आल्यावर फोन तुम्हालाच करायचाय.”

मी मान डोलावली. खरं म्हणजे तेव्हा मला ते कळलं नव्हतं, पण कळल्यासारखं तोंड करायची सवय मला शाळेपासून आहे.

मग आम्ही दोघींनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला. ताई सांगायची, मी लिहायचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत. लहानपणापासून एकाच खोलीत शेजारीशेजारी झोपून वाढलेल्या बहिणीच्या तीन वर्षांच्या संसारातल्या अर्ध्या गोष्टी मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळल्या. ताई मात्र माप सांगावं तसं सांगत होती, एकही आकडा न चुकता. मॅडमनी आपला अहवाल जोडला आणि शेवटी विचारलं, “कुठे कुठे बंदी पाहिजे? पत्ते पूर्ण लिहा.”

मी दोन पत्ते लिहिले. खापरीची खोली आणि बर्डीचं दुकान.

“आणखी?”

“नाही, बस,” मी म्हणाले. आईचं गावातलं घर माझ्या मनातही आलं नाही. तिथे तो कधी भांडायला गेला नव्हता. तिथे तो जावई होता.

नोटीस, तारीख, थोडी वाट बघणं झालं आणि अंतरिम आदेश मिळाला. दोनच पानं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. मी ती पानं मेट्रोत उभ्याने तीनदा वाचली आणि रात्रीच्या जेवणाआधी आईला फोनवर अख्खी वाचून दाखवली, पत्त्यांसकट. आई ऐकत होती. मधेच म्हणाली, “हळू वाच वं, गाडी सुटून राहिली का तुही?”

दुसऱ्या दिवशी मी एक मूर्खपणा केला, जो आमच्यासारख्या घरातली पहिली शिकलेली माणसंच करतात. मी तो आदेश लॅमिनेट करून घेतला. माझी दहावीची गुणपत्रिका, पदवी, जातीचा दाखला, सगळं मी असंच जपलेलं आहे. किमती कागद म्हणजे प्लास्टिकमध्ये घालून कपाटात, कपड्यांच्या खाली. लॅमिनेशनवाल्याने विचारलं, “रिझल्ट आला का ताई?” मी हो म्हणाले.

मॅडमना मी तो अभिमानाने दाखवला तर त्या डोक्याला हात लावून हसल्या. “अहो, हा काय भिंतीवर लावायचा आहे? नशीब, पोलिसांकडे कोर्टाने वेगळी प्रत पाठवली आहे. याच्या झेरॉक्स काढा. एक हिच्या पर्समध्ये, एक दुकानात गल्ल्याच्या खाली, एक घरी. लागेल तेव्हा कपाट उघडायला वेळ नसतो.”

पोलिसांनी त्याच्या घरी जाऊन त्याला प्रत दिली. त्याने सही केली. आणि तो यायचा थांबला.

जवळजवळ दोन महिने सगळं नीट चाललं. ताईने लग्नसराईचं काम एकटीने सांभाळलं. तिने शिवलेल्या ब्लाऊजच्या पाठीची नक्षी बघून दुसरी गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन यायला लागली. मी निश्चिंत झाले. कागद मिळाला की काम झालं, असं मी धरूनच चालले होते. परीक्षा पास झालो की पुन्हा कुणी तोच पेपर देत नाही, तसं.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात. पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे करतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. गावातल्या प्रत्येक घरात त्या महिन्यात कुणाचा ना कुणाचा जावई पाटावर बसलेला असतो. मला हे सगळं माहीत होतं. पण बर्डी आणि मिहानच्या मधे धावताना महिना कोणता चालू आहे इकडे माझं लक्ष नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. “मीटिंगमध्ये आहेस का?” तिने विचारलं.

“नाही. काय झालं?”

“तो आला होता. दुकानात. तू ये, पण धावत नको येऊ.”

मी अर्थातच धावत गेले. काय झालं ते ताईने आणि मालकीणबाईंनी मिळून सांगितलं.

तो या वेळी ओरडत आला नव्हता. अंगात नवा शर्ट, खांद्यावर नवा दुपट्टा, हातात स्टीलचा डबा. हसतच आत आला. दुकानात चार बायका होत्या. तो ताईच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काल तुह्या आईनं पाय धुतले माहे. जेवू घातलं. आता कायचं कोर्ट अन कायचं काय? चाल, घरी चाल.” मग डबा उघडून त्याने मालकीणबाईंच्या पुढे धरला. “घ्या मॅडम, घरचे अनारसे हाय. सासूबाईच्या हातचे.”

बायका हसल्या. एकीने म्हटलंही, “किती छान, न्यायला आले.” मालकीणबाईंना वाटलं, मिटलं वाटतं, आणि त्यांनी हात पुढे केला.

ताईने गल्ल्याखालची झेरॉक्स काढली आणि डब्याच्या बाजूला ठेवली. “मॅडम, पहिले हे वाचा,” ती म्हणाली. “मंग घ्यायचे असन तर घ्या.”

बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि फोन उचलला. ते बघताच तो डबा तिथेच सोडून निघून गेला.

मी पोचले तेव्हा बाई शांतपणे बोलल्या, पण गोड बोलल्या नाहीत. “मी तुम्हाला सांगितलं होतं, आणखी एकदा. आज तो गोड बोलून आला, उद्या कसा येईल? हे कायमचं थांबणार असेल तर मी लागेल ते सांगते पोलिसांना. नसेल थांबणार, तर या महिन्यापुरतं काम बघा.”

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी आदेशाची प्रत त्यांच्या फायलीत शोधून काढली, तक्रार ऐकली, आणि ताईच्या नवऱ्याला फोन लावला. तो अर्ध्या तासात हजर झाला. घाबरलेला नव्हता. त्याने खिशातून फोन काढून हवालदारांच्या समोर धरला. फोटोत तो पाटावर बसलेला, कपाळाला कुंकू, समोर धोंड्यांचं ताट, आणि आमची आई तबक घेऊन त्याला ओवाळत होती.

हवालदारांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “ताई, इकडे सासू ओवाळून राहिली, अन तुम्ही म्हणता बंदी हाय. काय लिहू मी?”

तो फोटो खरा होता. मला वाटलं, आपणच आदेश मोडला. बोलावणं आपल्याकडून गेलं, म्हणजे आता त्या कागदाला काही अर्थ राहिला नाही. मी हवालदारांना म्हणाले, “आम्ही उद्या येतो,” आणि ताईचा हात धरून बाहेर आले. मागे तो हवालदारांशी हसत बोलत होता, ते ऐकू येत होतं.

ठाण्याच्या पायऱ्यांवरूनच मी आईला फोन केला.

“तू त्याले जेवाले बोलावलं?”

“हो. मंग?” आई म्हणाली. “धोंड्याचा महिना हाय. समोरच्याचा जावई पुण्याहून आला. मले विचारून राहिले सारे, तुमचा कधी येते. मले काय पोरगा हाय का? एकच जावई हाय मले.”

“आई, कोर्टानं त्याले बंदी केली!”

“ते मले माहीत हाय. तूच वाचून दाखवली होती. तुह्या खापरीत यायचं नाई, तिच्या दुकानात जायचं नाई. माह्या दाराचं नाव होतं का त्याच्यात? मी दोन डाव विचारलं होतं तुले, आणखी काय लिहिलं म्हणून. तू म्हणली, बस एवढंच.”

माझ्या आईला सही करता येते, बाकी वाचता येत नाही. पण मी वाचलेल्या कागदातला शब्द न शब्द तिने लक्षात ठेवला होता आणि तो लिहून घेणाऱ्या मला मात्र तो आठवत नव्हता.

“आणि मले वाटलं,” आई जरा थांबून म्हणाली, “गोड खाऊन डोकं ठिकाणावर येईन त्याचं. काहून, काय केलं त्यानं?”

मी सांगितलं. ती म्हणाली, “माहे अनारसे घेऊन गेला दुकानात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी संरक्षण अधिकारी मॅडमकडे गेलो. मी मनाशी एक युक्ती ठरवून गेले होते. आईच्या जेवणाचा उल्लेखच करायचा नाही, फक्त दुकानातलं लिहायचं. मॅडमना मी तसं म्हणूनही बघितलं.

माझ्याआधी ताईच बोलली. “लपवून काय होईन? फोटो त्याच्याजवळ हाय. तो दाखवनच. मंग आपणच खोट्या पडू.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून माझ्याकडे वळल्या. “आता तुम्ही नीट ऐका. आदेश कुणावर आहे?”

“त्याच्यावर.”

“तुमच्या ताईवर आहे?”

“नाही.”

“आईवर?”

“नाही.”

“मग त्यांनी तो मोडला कसा? जे बांधलेलेच नाहीत ते काय मोडणार? आईने त्याला जेवू घातलं, ओवाळलं. त्याने मॅजिस्ट्रेटची सही पुसली जात नाही. उद्या हिने स्वतः त्याला फोन करून बोलावलं, तरी आदेश तसाच उभा राहतो. तो उठवायचा तर हिला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि मॅजिस्ट्रेटने तो उठवावा लागतो. जेवणाच्या ताटावर तो उठत नाही.”

त्यांनी आदेशाची प्रत समोर ठेवली आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. गावच्या घरी जाणं लाल, कारण ते घर कागदात नाही, त्यामुळे तिथे जाऊन त्याने काही मोडलं नाही. दुकानात जाणं आणि ताईशी बोलणं निळं, कारण ते दोन्ही स्पष्ट लिहून मना केलं आहे. “लाल आणि निळं मिसळू नका. काल तुम्ही ते मिसळलं म्हणून परत आलात. आज जाऊन लेखी तक्रार द्या, निळ्याची. मालकीणबाईंचा जबाब, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. आणि आईला बोलवा. खरं काय ते त्यांना सांगू द्या. बोलावणं फक्त जेवणापुरतं होतं, दुकानाचं नव्हतं, हे त्यातूनच सिद्ध होईल. लालवाल्यासाठी आपण वेगळा अर्ज करू. गावच्या घराचा पत्ता आदेशात वाढवून घेऊ.”

त्या खोलीतून बाहेर पडताना मला जे वाटलं ते मी याआधी एकदाच अनुभवलं होतं. नववीत बीजगणिताच्या सरांनी एक गणित तिसऱ्यांदा समजावलं आणि एकदम ते सुटलं, तेव्हा. आदेश म्हणजे आमच्या दोन कुटुंबांमधला करार नव्हता, की एका बाजूने ढिला झाला की दुसरी बाजू सुटली. तो एका माणसाला दिलेला हुकूम होता. आमच्या चांगल्या-वाईट वागण्यावर तो टांगलेला नव्हता.

आई न बोलावताच सकाळच्या एसटीने निघाली होती. दुपारी आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार तेच होते. मालकीणबाई आधीच जबाब देऊन गेल्या होत्या, कॅमेऱ्याचं चित्रणही देऊन. आई बाकावर न बसता सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“बसा आजी,” हवालदार म्हणाले.

“आजी कायची, तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असन फक्त,” आई म्हणाली. बाजूचा शिपाई हसला. हवालदारही हसले आणि त्यांनी पेन उघडलं.

“जावयाला तुम्ही बोलावलं होतं?”

“हो, मीच बोलावलं. माह्या घरी. धोंड्याचं जेवण होतं.”

“दुकानात जायले सांगितलं होतं?”

“नाई.”

“पोरीले घेऊन जा, असं म्हटलं होतं? तो तसं म्हणून राहिला.”

आईने पदर सारखा केला. “साहेब, तेहतीस अनारसे देले त्याले. शर्ट देला. पोरगी नाई देली. तिचं ती ठरवन. कोर्टानं दुकानात जाऊ नको म्हटलं होतं, ते मले माहीत होतं, अन त्याले बी माहीत होतं. त्याच्या घरी पोलीस गेले होते कागद घेऊन, माह्या घरी नाई.”

हवालदारांनी लिहायचं थांबवून तिच्याकडे बघितलं. “अगदी बराबर,” ते म्हणाले, आणि मग सगळं शब्दशः लिहून घेतलं. शेवटी वाचून दाखवलं. आईने ‘शर्ट’च्या जागी ‘नवा शर्ट’ करायला लावलं, आणि सही केली.

गुन्हा नोंदला गेला. त्याला त्याच दिवशी ताब्यात घेतलं, नंतर कोर्टातून जामीन झाला. आमच्या गावात यावर पुष्कळ बोलणं झालं. आईला लोक म्हणाले, धोंड्याच्या महिन्यात जावई पोलिसात दिला. आईने कुणाला काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही, पण ती भांडी आदळत स्वयंपाक करते तेव्हा मला अंदाज येतो.

मालकीणबाईंनी महिनाअखेर ताईला काही म्हटलं नाही. पण ‘या महिन्यापुरतं’ हा त्यांचा शब्द अजून तसाच लटकत होता. कोर्टात पुढच्या तारखेला काय होतं यावर सगळं होतं, हे ताईला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

त्या तारखेला आम्ही तिघी कोर्टात गेलो. मॅडमही आल्या होत्या. त्याच्या वकिलांनी फोटो पुढे केला, अपेक्षेप्रमाणे. म्हणाले, दोन्ही घरांचे संबंध चांगले आहेत, सासूबाई स्वतः ओवाळतात, माझे अशील पत्नीला नांदवायला तयार आहेत, तेव्हा या आदेशाची आता गरज नाही.

न्यायदंडाधिकारी साहेबांनी फोटो बघितला. आईचा जबाब वाचला. मग ते त्याला म्हणाले, “जेवायला बोलावलं तिथे गेलात, ते समजलं. दुकानात कुणी बोलावलं होतं?”

तो वकिलांकडे बघायला लागला.

साहेबांनी सांगितलं की आदेश मोडल्याचा खटला त्याच्या जागी चालेल. गावच्या घराचा पत्ता आदेशात घालण्याचा अर्ज त्यांनी मंजूर केला. आई शेजारी बसून माझ्या कानात पुटपुटली, “माह्या दाराचं नाव लिहिलं का आता?” मी हो म्हणाले. तिने एक लांब श्वास घेतला. पुढच्या अधिक महिन्यात तिच्या घरी पाट मांडला जाणार नव्हता, आणि ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मग साहेब ताईकडे वळले. “वकील म्हणतात, ते नांदवायला तयार आहेत. हा आदेश तुमच्यासाठी आहे. तुम्हीच सांगा. उठवायचा आहे का तुम्हाला? कुणी दबाव टाकू नका त्यांच्यावर.”

सगळे ताईकडे बघत होते. मी, आई, मॅडम, त्याचे वकील, आणि तो. मी मनातल्या मनात तिच्यासाठी उत्तर तयार केलं होतं, व्यवस्थित वाक्यं, कलमासकट. तिला ते लागलं नाही.

“नाही साहेब,” ताई उभी राहून म्हणाली. “चालू राहू द्या.”

साहेबांनी लिहून घेतलं. “आणखी काही म्हणायचं आहे?”

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “साहेब, माझं इथलं काम झालं असेल तर मी जाऊ का? दोन वाजता दुकानात एका नवरीच्या लेहंग्याची ट्रायल आहे. मालकीणबाईंनी मलाच घ्यायला सांगितली आहे.”

“जा,” साहेब म्हणाले.

तिने पर्स उचलली आणि आम्हा दोघींची वाट न बघता दाराकडे निघाली.